ताईचं जेवण अजून व्हायचंय

६ जानेवारी, सोमवार

ताई गेल्याला आज शंभर दिवस झाले. आमच्याकडे शंभरावा दिवस म्हणजे रडणं थांबवायचा दिवस. सकाळी कुन-तायचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. म्हणाला, "झालं सगळं नीट. अक्का, आजपासून डोळ्यांतून पाणी काढायचं नाही हं."

मी हो म्हटलं. मी सुरूच केलं नव्हतं, तर थांबवणार काय?

इथल्या, जपानी लोकांचं नवं वर्ष एक तारखेला होऊन गेलं, त्यामुळे आमची भाषेची शाळा आज उघडली. दहा अक्षरांची चाचणी झाली, आठ बरोबर आली. दुपारी नूडल्स खाल्ल्या. बर्फ ओलं होतं. निईगाताचं बर्फ असंच, चिखलाच्या सख्ख्या भावासारखं.

१० जानेवारी, शुक्रवार

'माझ्या घरची माणसं' या विषयावर निबंध लिहायचा होता. मी ताईवर लिहिला. माझी ताई सदुसष्ट वर्षांची आहे. ती पहाटे तीनला उठून तांदूळ वाटते. आम्ही दोघी बहिणी आमच्या गावच्या, सिनयिंगच्या, बाजाराच्या तोंडाशी वाटीतली वाफवलेली उकड विकतो. ताई सहावी शिकली, मी नववी. चुलीवर उकड शिजेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात आम्ही दोघी रद्दीतल्या पुस्तकावरून जपानी शिकलो. तिची अक्षरं माझ्यापेक्षा चांगली आहेत.

बाईंनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निशिवाकीबाई म्हणाल्या, "एप्रिलमध्ये ताई आल्या की वर्गात चुआंग आडनावाच्या दोघी होणार. आम्ही गोंधळणार!"

ही एप्रिलची थाप माझीच. अडतीस वर्षं उकडीची गाडी चालवली, आता गाडी बंद आणि दोघींनी मिळून परदेशात शिकायचं असं ठरलं होतं. दोघींना प्रवेश मिळाला होता. ताई सप्टेंबरच्या एकोणतीस तारखेला सकाळी ओट्याशी खाली बसली ती उठली नाही. बॅग भरलेलीच होती, म्हणून मी सोळाव्या दिवशी आले. शाळेच्या ऑफिसात एकदा खरं सांगितलं. पण वर्गात कुणी विचारलं, "दुसऱ्या बाई कुठे आहेत?" तर तोंडातून निघून गेलं, की गुडघे दुखताहेत, एप्रिलमध्ये येईल. एकदा बोललं की शब्द भिंतीवरच्या खिळ्यासारखा बसतो. काढावा तर पोपडे निघतात.

१४ जानेवारी, मंगळवार

काल इथे सुट्टी होती. दिवसभर झोपले.

आज मधल्या सुट्टीत दिएम आणि ओयुन दोघी माझ्या बाकाशी आल्या. दिएम व्हिएतनामची, बावीस वर्षांची. रात्री डबे भरायच्या कारखान्यात उभी असते आणि दिवसा वर्गात बसल्या बसल्या पेंगते. फेब्रुवारीत तिची विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आहे. ओयुन मंगोलियाची, तिशीची, तिकडे बँकेत होती. ती हसली की खिडक्यांच्या काचा वाजतात. दोघी माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात आणि मला मावशी म्हणतात.

दिएम म्हणाली, "मावशी, तुमचं नवं वर्ष आणि आमचं एकाच दिवशी येतं. आदल्या दिवशी, अठ्ठावीसला संध्याकाळी तुमच्या खोलीत जेवण करू या. माझ्या खोलीत तिघी बसल्या तर चौथा श्वास बाहेर उभा राहील."

"माझं नवं वर्ष महिन्यानं आहे," ओयुन म्हणाली. "तोवर तुमच्यात जेवते. पण मटण मी आणणार. कोबी उकळून त्याला सण म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही."

"आणि मावशी, तुम्ही ती चिकट तांदळाची गोड वडी करा. निबंधात उकडीचं वाचल्यापासून माझ्या तोंडाला पाणी सुटलंय."

मी म्हटलं, वडी नाही जमायची. मोदकपात्रासारखं मोठं भांडं नाही.

"मी आणते भांडं."

पीठ नाही.

"दुकानात मिळतं."

मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. जरा जोरातच बोलले असेन. ओयुन म्हणाली, "राहू दे गं. अडतीस वर्षं वाफ खाल्ली त्यांनी, आता सुट्टी घेऊ दे."

आमच्यात घरात मृत्यू झाला की त्या वर्षी वडी करत नाहीत. शेजारपाजारच्यांनी आणून द्यायची असते. हे त्यांना सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागणार.

१७ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी ओयुन मीठ मागायला आली आणि दारातच ओरडली, "मावशी! खोलीत बसलायत की बर्फाच्या पेटीत?" शेगडीतलं रॉकेल संपलं होतं. मला वाटतं बुधवारी संपलं असावं. मी कोट घालून बसले होते, त्यामुळे लक्षात आलं नाही. तिनं माझे हात हातात घेतले आणि मंगोलियन भाषेत काहीतरी म्हणाली. शिवी असावी, पण मायेची.

तिनं स्वतःच्या डब्यातलं रॉकेल आणून ओतलं. मग ताईसाठी लावलेल्या दुसऱ्या पलंगाकडे बघून म्हणाली, "यावर निदान वह्या तरी ठेवा. अशी चादर ताणून ठेवलेला पलंग बघितला की दवाखाना आठवतो."

मी म्हटलं, बघू.

१९ जानेवारी, रविवार

कुन-तायला मीच फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "अठ्ठावीसला संध्याकाळी घरी पितरांना पान दाखवशील, तेव्हा ताईला बोलावशील का?"

तो म्हणाला, "अक्का, तुला काय सांगायचं? ताई आपल्या घरात जन्मली, पण लग्न नाही झालं. माहेरच्या पितरांच्या पाटीवर मुलीचं नाव लागत नाही. आत्याचंही नव्हतं लागलं. डोंगरावरच्या मंदिरात तिच्या नावाची वेगळी पाटी ठेवलीय ना? तिथे सगळ्यांना मिळून नैवेद्य असतो. वर्षाची व्यवस्था लावून दिलीय."

"सगळ्यांना मिळून म्हणजे किती जणी असतील?"

"असतील दोनेकशे. अक्का, मी काही रीत बनवली नाही. बायको म्हणते, पाटीवर नसलेल्याला घरात बोलावलं तर पुढे मुलांना त्रास होतो. मी कुणाकुणाशी भांडू?"

मी म्हटलं, भांडू नकोस. रीत ती रीत.

त्याला हायसं वाटलं असावं. म्हणाला, "तुझीही काळजी करू नकोस. मंदिरात ताईच्या पाटीशेजारचा कप्पा तुझ्यासाठी सांगून ठेवलाय."

चांगलं केलं त्यानं. पोरगा पहिल्यापासून जबाबदार आहे. कप्पा वरच्या रांगेत आहे की खालच्या, ते विचारायचं राहिलं. माझे गुडघे पाहता खालचा बरा. पण तिथे गुडघ्यांचा काय संबंध?

संध्याकाळी कपडे धुतले.

२३ जानेवारी, गुरुवार

आज आमच्याकडे चुलीचा देव वर जातो, वर्षाची कागाळी सांगायला. दिएम म्हणाली, त्यांचा कालच गेला. ओयुननं विचारलं, "एकाच आकाशात जायचं तर एकत्र का जात नाहीत?"

"आमचा मासळीवर बसून जातो, वेळ लागतो," दिएम म्हणाली.

"आणि मावशींचा?"

मी म्हटलं, आमच्या देवाच्या ओठांना गोड लावून पाठवतात, म्हणजे वर जाऊन चांगलंच बोलेल. या वर्षी माझी चूल विजेची आहे. देव कुठून निघाला, मला दिसलं नाही.

दोघी खूप हसल्या. विनोद केला होता की नाही, मला ठाऊक नाही.

२६ जानेवारी, रविवार

आज तिघींनी बाजार केला. चिनी कोबी, मुळा, टोफू आणि एक अख्खा मासा. ओयुननं मटणाचा एवढा तुकडा घेतला, की दुकानदारानं विचारलं, "किती माणसं आहेत?" ती म्हणाली, "तीन. पण एक मी आहे."

परतताना दिएम म्हणाली, "मावशी, परवा जेवायच्या वेळी ताईंना मोबाइलवर दाखवा ना. मला त्यांना बघायचंय. नव्या वर्षाचा नमस्कार करते, थोरल्यांचा आशीर्वाद परीक्षेला लागेल."

मी म्हटलं, ताईला मोबाइल वापरता येत नाही.

"तुमचे भाऊ लावून देतील की."

मी म्हटलं, ती त्या वेळी झोपते.

"सणाच्या दिवशी, संध्याकाळी पाचला?" ओयुन म्हणाली, आणि मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नि दिएमच्या हातात कोबी दिला. "धर हे. बडबड कमी कर, हात चालव."

त्यांना वाटत असेल, बहिणी-बहिणींचं भांडण झालंय. वाटू दे. भांडण म्हणजे निदान दोन्ही बाजूंना माणूस असतं.

२८ जानेवारी, मंगळवार

आजचं सगळं नीट क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या वाटेल की झालंच नाही.

शाळा पाऊण वाजता सुटली. जपानी लोकांचा कामाचा दिवस. बाहेर कचऱ्याची गाडी, टपालवाला, सगळं रोजचंच. दिएमला रात्री दहाला कारखान्यात जायचं होतं, म्हणून पाचलाच बसायचं ठरलं. मी मासा तळला. ओयुननं मटण शिजवत ठेवलं. दिएम पानात बांधलेला चौकोनी भात घेऊन आली, तिच्या गावच्या बायका इथे करतात, त्यांच्याकडून. माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "तुम्ही वडी केली नाहीत, म्हणून मी आणलं. सणाला गोड-चिकट काही नको का?"

मी तो भात हातात धरून उभी राहिले. बराच वेळ उभी होते म्हणे.

दिएम पानं मांडायला लागली. तीन वाट्या ठेवल्या, मग चौथी ठेवली. चौथीशी जेवायच्या काड्या आडव्या लावल्या.

"ही ताईंची," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना, जे घरापासून लांब असतात त्यांचंही पान मांडतात तुमच्याकडे? एप्रिलमध्ये त्या खऱ्याखुऱ्या बसतील. आज वाटी बसू दे."

लांब असलेल्या माणसाचं पान मांडलं की झालं, काही बोलायचं नसतं. ते माणूस दुसरीकडे कुठेतरी जेवतच असतं. मी त्या वाटीकडे बघत होते. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की हे चुकतंय. अशी नुसती वाटी ठेवली तर ती येणार नाही. दाराशी उभी राहील. ती बोलावल्याशिवाय कुणाकडे जेवायला बसायची नाही.

मी म्हटलं, "हे असं नाही चालायचं. तिला बोलवावं लागेल."

दिएम खूश झाली. "फोन लावू?"

"फोन नाही," मी म्हटलं. "उदबत्ती."

ओयुननं मटणाखालची आच बंद केली.

"कधी?" ओयुननं विचारलं.

"सप्टेंबर."

"म्हणजे तुम्ही इथे यायच्या आधी?"

"हो."

दिएम माझ्यासमोर येऊन बसली. "आणि मी वडी मागत होते. मोबाइलवर दाखवा म्हणत होते. मावशी, चार महिने! एक शब्द तरी सांगायचा!" ती रागावली होती आणि तिचे डोळे वाहत होते. मला तिच्यासाठी रुमाल शोधावा लागला.

ओयुन म्हणाली, "आज तुमच्या घरी त्यांना कोण वाढणार?"

मी सांगितलं. पाटीचं, डोंगरावरच्या मंदिराचं, दोनशे जणींचं. लग्न न झालेल्या मुलीला माहेरी पान नसतं. माझाही कप्पा सांगून ठेवलाय हेही सांगितलं, म्हणजे भाऊ वाईट नाही हे त्यांना कळावं.

दिएमनं नाक पुसलं. मी चंद्र चौकोनी असतो म्हणाले असावे, तशी माझ्याकडे बघत राहिली.

"लग्न झालं नाही म्हणून जागा नाही?" ती म्हणाली. "अहो, आमच्याकडे उलटं आहे! माझ्या आजोबांची बहीण बिनलग्नाची गेली. घरात तिची उदाची वाटी वेगळी आहे, स्वतःची. आजोबांच्या वाटीला कुणी काही मागत नाही, ते जन्मभर झोपाळू होते. मागायचं ते आत्याआजीला. तिला स्वतःची पोरं नाहीत, म्हणून सगळ्या घराची पोरं तिचीच. मी इथे यायचा व्हिसा कुणाला मागितला? तिलाच."

"मिळाला?" ओयुननं विचारलं.

"मग मी इथे काय पोहत आले?"

ती उठून वर गेली नि उदबत्तीचा पुडा घेऊन आली. एका पेल्यात तांदूळ भरले. चौथी वाटी खिडकीजवळच्या बाजूला सरकवली. भात वाढला, माशाचा पाठीकडचा तुकडा ठेवला, ओयुननं मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवला आणि म्हणाली, "ताई मटण खातात ना?" मी म्हटलं, खाते. दिएमनं तीन उदबत्त्या लावून माझ्या हातात दिल्या.

"जपानीत बोलू का आपण?" तिनं हळूच विचारलं.

"तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं," मी म्हटलं. "पण नको."

मग मी आमच्या बाजारातल्या बोलीत म्हटलं, "ताई, जेवायला ये."

शंभरावर बावीस दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते. कुणी सांगितलं नव्हतं बोलू नकोस म्हणून. आवाज निघाला तो गाडीवरून हाक मारायचे तसाच, मोठा. शेजारच्या खोलीतल्या मुलानं भिंतीवर ठोकलं.

उदबत्ती अर्धी झाली की पाहुण्याचं जेवण झालं का, असा कौल लावायचा असतो. लाकडाचे दोन तुकडे नव्हते, म्हणून दहा येनची दोन नाणी घेतली. एक छापा आणि एक काटा पडला तर झालं. दोन्ही सारखी पडली तर अजून व्हायचंय. कौल लागल्याशिवाय आपण खायचं नाही.

मी टाकलं. दोन्ही काटे.

"अजून व्हायचंय," मी म्हटलं.

थोड्या वेळानं पुन्हा. दोन्ही छापे. हे म्हणजे ताई हसतेय. ओयुन म्हणाली, "माझ्या पोटाचा आवाज ऐकून हसल्या."

पुन्हा. दोन्ही काटे. दिएमनं टाकून पाहिलं, दोन्ही काटे. ओयुननं नाणी दोन्ही हातांत धरून त्यांच्यावर फुंकर घातली. दोन्ही छापे. दुसऱ्यांदा उदबत्ती लावली. मटणावर चरबी गोठली. बाहेर काळोख पडला होता. दिएम म्हणाली, "एवढा वेळ लागतो त्यांना जेवायला?"

मी नाही म्हणणार होते. अडतीस वर्षांत ताईला मी बसून जेवताना पाहिलं असेल ते सणावारी, आणि तेव्हाही ती अर्ध्यात उठायची. एरवी उभ्यानं, एका हातात वाटी, नजर वाफेवर, पाच मिनिटांत सगळं आत. गिऱ्हाईक थांबलंय म्हणायची. गिऱ्हाईक नसलं तरी.

मी त्यांना हे सांगितलं. ओयुन म्हणाली, "मग टाकू नका नाणी. बसू दे की बाईला जरा. कुठे गिऱ्हाईक थांबलंय?" आणि मटण परत आचेवर ठेवून मांडी घालून बसली.

आम्ही बसून राहिलो. तिसऱ्यांदा उदबत्ती लावली. दिएमनं तेवढ्यात ताईकडे परीक्षेचं मागून घेतलं, तिच्या भाषेत, बरंच लांबलचक. मी विचारलं, एवढं काय सांगितलंस? म्हणाली, पत्ता. विद्यापीठात इमारती पुष्कळ आहेत.

साडेसहाला नाणी टाकली. एक छापा, एक काटा.

आम्ही जेवलो. मी तीन वाट्या भात खाल्ला. मटण जरा खारट होतं.

२९ जानेवारी, बुधवार

नवं वर्ष. शाळा होती. अक्षरांची चाचणी, सहा बरोबर. बाई म्हणाल्या, "बरं नाही का?" मी म्हटलं, सण होता.

दुपारी कुन-तायचा शुभेच्छांचा फोन आला. मी म्हटलं, "ताई काल माझ्याकडे जेवली. दीड तास."

तो काही विचारायच्या आत मी पुढचं सांगितलं.

"मार्चमध्ये सुट्टी आहे. मी येते आणि तिला सिनयिंगच्या माझ्या भाड्याच्या घरी नेते. पाटी माझ्याकडे राहील. तुझ्या घरात आणत नाही, बायकोला सांग, घाबरू नकोस म्हणावं."

"अक्का, असं उठून नेता येत नाही. मंदिरात विचारावं लागतं. ताईला यायचंय का, त्याचा कौल लावावा लागतो."

"लावला. मिळाला."

"कुणासमोर?"

"एक व्हिएतनामी आणि एक मंगोलियन," मी म्हटलं. "आणि शेजारचा भिंतीवर ठोकणारा."

मग तो बारीक आवाजात म्हणाला, "काय जेवली?" मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मासा कुठल्या बाजूचा, तेही त्यानं विचारलं. मग म्हणाला, मार्चमध्ये गाडी घेऊन विमानतळावर येतो, डोंगराचा रस्ता तुला एकटीला जमणार नाही.

रडू आलं का असं वाटून मी आरशात पाहिलं. नव्हतं. नाक लाल होतं, ते थंडीनं.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी वर्गात दिएमनं एक चिठ्ठी माझ्या वहीत सरकवली. तिचा परीक्षेचा क्रमांक. म्हणाली, "परवा सांगायचा राहिला. ताईंना कळवा, नाहीतर दुसऱ्याच कुणाला तरी पास करून बसतील." ती चेष्टा करत नव्हती.

संध्याकाळी उदबत्ती लावली.

ताई, ऐक. मुलीचं नाव दिएम. रात्रभर डबे भरते, दिवसा पेंगते, पण डोकं चांगलं आहे. परीक्षा फेब्रुवारीच्या आठ तारखेला, सकाळी दहाला. तुझे आकडे माझ्यापेक्षा पक्के, म्हणून तुला सांगते. दोन, शून्य, सात, चार. पुन्हा सांगते. दोन, शून्य, सात, चार.